जादूच्या वस्तूचा मोह खरा कसा वाटेल? कादंबरीतल्या धोट्यासाठी मदत हवी

आडवाउभा
शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा ही विनंती. दोन वर्षांपासून मी एक फँटसी कादंबरी लिहितोय, मराठीत. त्यातलं गाव आपल्या सोलापूरवरूनच घेतलंय, म्हणजे तळ्यात देऊळ, शेजारी किल्ला, उन्हाळ्यात दुपारी एक ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही आणि अर्ध्या गावात मागांचा खडखडाट. नाव तेवढं दुसरं दिलंय.

गोष्टीत एक जादूचा धोटा आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, मागावर उभ्या धाग्यांमधून नावेसारखा लाकडी तुकडा इकडून तिकडे पळतो आणि आडवा धागा सोडत जातो, तो धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. माझ्या धोट्यातली कांडी कधी संपत नाही आणि त्याने कापडावर जे विणलं जातं ते खरं होतं. मोर विणला तर मोर, विहीर विणली तर विहीर. नायिका पूर्व भागातल्या, म्हणजे विणकर वस्तीतल्या घरातली पोरगी, आई विड्या वळते, वडील मागावर. तिला हा धोटा बंद पडलेल्या गिरणीत सापडतो. गावात तीन वर्षं दुष्काळ, ती पाऊस विणते. प्रत्येक विणीला किंमत अशी ठेवलीय की तिच्या आठवणीतला एक माणूस पुसला जातो.

आता अडचण सांगतो. दोन मित्रांना दीडशे पानं वाचायला दिली, दोघांनी वेगवेगळं एकच सांगितलं की जादू मस्त आहे पण हिला मोह झालाय असं वाटतच नाही. ती बिचारी गावाचं भलं करते आणि लेखक तिला उगीच शिक्षा देतो. मला हे लागलं, कारण ते बरोबर आहे. गेल्या आठवड्यात आईला सहज विचारलं, जादूची एक वस्तू मिळाली तर काय मागशील, तर एक सेकंद न थांबता म्हणाली रोज नळाला पाणी. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतं, रात्री दोनला आलं तर रात्री दोनला उठून भरायचं, हे तिचं पंचवीस वर्षं चाललंय. तिच्या मागण्यात मला तर काही वाईट दिसत नाही. मग अशा माणसाच्या हातात ती वस्तू आली तर मोह नेमका कुठून शिरतो? हाच प्रश्न आहे. पुस्तकं, पुराणं, स्वतःचा अनुभव, काहीही चालेल.

रात्रीचा_वाचक
शनिवार, रात्री ११:५८

दादा, विषय लई जिव्हाळ्याचा काढलात. मी टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज तीनदा वाचलंय आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे. त्यात एक जादूची, सत्तेची अंगठी आहे, ती सगळ्यांना एकच आमिष दाखवत नाही. बोरोमिर या योद्ध्याला ती त्याचं शहर वाचवायचं हत्यार वाटते, आणि त्याचं शहर खरंच संकटात आहे, तो खोटं बोलत नाहीये. जादूगार गँडाल्फ ती हातात घ्यायलाच नकार देतो आणि कारण काय देतो तर आपल्या मनातली दया, दुबळ्यांसाठी काहीतरी करावं ही इच्छा, तिथूनच ती आपल्यात शिरेल. आणि सॅम, जो माळी आहे, त्याला शत्रूच्या त्या राखेच्या मुलखात उभं असताना काय दिसतं तर अख्ख्या वाळवंटाची बाग झालेली, फुलं, झाडं, फळं आणि सगळं त्याच्या हुकमानं. माळ्याला बागच दाखवली. त्यातून तो सुटतो कारण त्याला कळतं की आपल्याला आपल्या दोन हातांनी करता येईल एवढी एक बाग पुरे, दुसऱ्यांच्या हातांना हुकूम सोडून केलेली नको.

म्हणजे तुमच्या आईंच्या नळासारखंच. मागणं चांगलं असतं म्हणून माणूस सावध राहत नाही. नायिकेनं पहिल्यांदा पाऊस विणू नये असं मला वाटतं. आधी घरापुरतं काहीतरी लहान विणू दे.

आणि ती आठवण पुसण्याची किंमत काढाच. दुकानात पैसे मोजल्यासारखी वाटते. मोजून द्यायची किंमत असली की माणूस हिशोब करतो, मोह होत नाही.

चंद्रभागेकाठी
रविवार, सकाळी ७:१०

पंढरपूरहून लिहितेय. पावसाचं वाचलं आणि राहवलं नाही.

आडवाउभा, तुम्ही सोलापूरवरून गाव घेतलंय तर पाण्याचं खरं गणितही घ्या की. सोलापुरात कितीही पाऊस पडला म्हणून उजनी भरत नाही. उजनी भरते ती वर पुणे जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात पाऊस झाला की. ११७ टीएमसीचं धरण, ते भरत आलं की दरवाजे उघडतात, तिकडून नीरेचं पाणी येऊन मिळतं आणि इथं आमच्या दारात चंद्रभागा चढते. वाळवंटातली पुंडलिकाची समाधी पाण्यात जाते, नदीकाठच्या वस्तीतली माणसं पोराबाळांसकट हलवावी लागतात, आणि त्या दिवशी कधी कधी आमच्याकडे आभाळात ढगसुद्धा नसतो. तुमच्या नायिकेला धरण भरायचं असेल तर तिला लांब कुठंतरी पाऊस विणावा लागेल, आणि मग मधल्या गावांचं काय? आठवण पुसण्याची खोटी किंमत कशाला हवी, खरी किंमत नदीच घेते. ती फक्त विणणाऱ्या घरातून घेत नाही, खालच्या गावातून घेते, हे तिला उशिरा कळू दे.

दुसरं, परिसाची गोष्ट इथं कुणीच कशी काढली नाही अजून. परिसा भागवताला रुक्मिणीनं परीस दिला, लोखंडाला लावला की सोनं. त्याच्या बायकोनं मैत्रीखातर तो नामदेवांच्या राजाईला थोडा वेळ वापरायला दिला, घरात दाणा नव्हता म्हणून. राजाईनं लोखंडाचं सोनं केलं, बाजार आणला, स्वयंपाक केला. नामदेव आले, विचारलं, आणि परीस घेऊन चंद्रभागेत टाकून दिला. भागवत भांडायला आला तेव्हा नामदेवांनी पाण्यात हात घालून ओंजळभर गोटे काढले, म्हणाले यातला तुझा ओळख. सगळेच परीस.

लहानपणी आज्जी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला नामदेवांचा राग यायचा. अजूनही थोडा येतो. राजाईनं काय चूक केली? पोरं उपाशी होती. मोहाची गोष्ट लिहिताना नेहमी फेकून देणाऱ्याचं लिहितात, जिनं चूल पेटवली तिचं कुणी लिहीत नाही. तुम्ही राजाईच्या बाजूनं लिहा.

पूर्वभागकर
रविवार, सकाळी ९:३२

आमच्या पद्मशाली समाजात भावनाऋषींची कथा आहे, त्यांनी कमळाच्या देठातल्या तंतूंचं कापड विणून देवांना दिलं. म्हणजे विणणं हेच आमच्याकडे मुळात दैवी काम मानलंय, जादू बाहेरून आणायची गरज नाही. एवढं लक्षात ठेवून लिहा. आणि घरात तेलुगू बोलू द्या त्यांना, दुकानात मराठी. विड्या वळणारी आई लिहिताय तर तिची बोटं, पानं कापणं, ओलं फडकं, रोज कारखान्यावर विड्या द्यायला जाताना सुपातल्या मोजलेल्या जुड्या, हे येऊ द्या. शुभेच्छा.

नेमकं_बोला
रविवार, दुपारी १:०५

मला रात्रीचा_वाचक यांच्या म्हणण्यावर आक्षेप आहे. अंगठीचं उदाहरण धोट्याला लागू होत नाही. ती अंगठी कोरी वस्तू नाहीच, तिच्यात ज्यानं ती घडवली त्याची शक्ती आणि इच्छा ओतलेली आहे, ती मालकाकडं परत जायला बघते, इसिल्दुर नावाच्या जुन्या राजाच्या बोटातून नदीत स्वतःहून निसटते. त्यामुळे तिथं माणूस हरला तर अर्धा दोष वस्तूचा. धोटा असा आहे का? नसेल तर मोह पूर्ण माणसाचा, आणि मग त्यासाठी दुसरं उदाहरण बघा.

महाभारताच्या सौप्तिक पर्वात कृष्ण एक जुनी आठवण सांगतो. अश्वत्थामा एकदा द्वारकेत आला होता, कृष्णाकडे सुदर्शन चक्र मागायला, बदल्यात स्वतःचं ब्रह्मशिर अस्त्र द्यायला तयार. कृष्ण म्हणाला तुझं अस्त्र मला नको, चक्र उचलता येत असेल तर ने. यानं डाव्या हातानं उचलायचा प्रयत्न केला, उजव्या हातानं केला, सगळं बळ लावलं, चक्र जागचं हललं नाही. मग कृष्णानं विचारलं, अरे अर्जुनानं, प्रद्युम्नानं, बलरामानंसुद्धा जे कधी मागितलं नाही ते घेऊन तू कुणाशी लढणार होतास? अश्वत्थामा सरळ सांगतो, तुझ्याशीच.

मला हा प्रसंग अंगठीपेक्षा भयंकर वाटतो, कारण चक्रानं त्याला काहीही केलेलं नाही. चक्र गप्प आहे. सगळं त्याच्या आतून आलंय. आणि पुढं हाच माणूस ब्रह्मशिर सोडतो तेव्हा अर्जुनाला त्याचं अस्त्र परत घेता येतं, याला येत नाही. सोडायची विद्या आहे, आवरायची नाही. शेवटी ते जाऊन उत्तरेच्या गर्भावर पडतं.

प्लेटोच्या रिपब्लिकमध्येही अशीच एक अंगठी आहे, लिडियाच्या राजाच्या पदरच्या एका मेंढपाळाला जमीन दुभंगून एका प्रेताच्या बोटात सापडते, खडा आत वळवला की तो अदृश्य. थोड्याच दिवसात राणी त्याची, राजा मेलेला, गादी त्याची. तिथंही अंगठीला इच्छा नाही. प्रश्न एवढाच की कुणी बघणारं नसेल तर सज्जन माणूस सज्जन राहील का. तुमच्या धोट्याला हाच प्रश्न लागू होतो असं माझं मत.

रात्रीचा_वाचक
रविवार, दुपारी १:४०

काका, अश्वत्थाम्याचं माहीतच नव्हतं, आजच शोधून वाचतो. पण अर्धा दोष वस्तूचा हे मला पटत नाही. पहिल्या भागात एक प्रसंग आहे. गँडाल्फ अंगठी शेकोटीत टाकून तिच्यावरची अक्षरं दाखवतो आणि मग अंगठी ज्याच्याकडे आलेली असते त्या फ्रोडोला म्हणतो टाकून बघ. फ्रोडोला मनापासून ती फेकायचीच असते. खिशातून काढतो, बघतो, किती गोल, किती सुंदर रंग, हात उगारतो, आणि त्याच्या लक्षात येतं की आपण ती परत खिशात ठेवलीय. झालं एवढंच. ना तिनं आवाज दिला, ना धमकी. तोवर ती त्याच्याकडे सतरा वर्षं नुसती पडून होती. हात परत खिशाकडे गेला तो वस्तूमुळे गेला की त्याच्यामुळे, हे मला तीनदा वाचूनही सांगता येत नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. दादांनी ठरवूच नये की धोट्याला इच्छा आहे का नाही.

आडवाउभा
रविवार, संध्याकाळी ६:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारभर कंबर तलावाच्या कट्ट्यावर वही घेऊन बसलो होतो. आठवणीची किंमत काढून टाकली. चंद्रभागेकाठी ताई, नदीचं तुम्ही जे लिहिलंत ते तसंच्या तसं घेतोय, परवानगी द्या, आणि राजाईचं वाचून खरंच डोळ्यात पाणी आलं. पण एक गाठ सुटत नाही. नायिकेला पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, पुराबिराच्या खूप आधी, काय चुकतं? म्हणजे वाचकाच्या पोटात कधी खड्डा पडला पाहिजे?

जुना_जॉबर
रविवार, रात्री ९:४७

बाळा, मी सगळा धागा वाचलो. नातवानं फोनवर मोठी अक्षरं करून दिली. मी बत्तीस वर्षं गिरणीत काढलो, शेवटची नऊ जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मुकादम म्हणून, गिरणी बंद पडल्यावर पॉवरलूमवर. तेव्हा मागाचं तेवढं सांगतो, अंगठीचं मला कळत नाही.

कांडी कधी संपत नाही असं लिहिलास. तू ते वरदान म्हणून लिहिलास. मागावर बसलेल्या माणसाला विचार. धोटा मिनिटाला शंभरेक फेऱ्या मारतो. कांडी संपली किंवा आडवा धागा तुटला की माग थांबतो, आणि तेव्हाच विणकर वाकून कापड बघतो. कुठं तार सुटलीय का, डाग आलाय का, कडा ओढलीय का. नवी कांडी भरतो, तेवढ्यात पाणी पितो, शेजारच्या मागावरच्याला हाक मारतो, पोरगं डबा घेऊन आलं असलं तर त्याच्याकडे बघतो. दिवसातून कितीतरी वेळा ती कांडी संपते म्हणून माणूस माणसात राहतो. न संपणारी कांडी ज्याला मिळाली तो उठणारच नाही. चूक झाली तरी दहा हात पुढं गेल्यावर कळणार. तुझ्या पोरीला हे होऊ दे. तिला वाईट काय करावंच लागत नाही, ती नुसती थांबायची राहते.

दुसरं. धोट्यानं मोर विणला म्हणतोस. धोटा मोर विणत नाही बाळा. धोटा बिचारा इकडून तिकडं जातो. मोर असतो वर, नक्षी उठवणाऱ्या जॅकार्ड यंत्राच्या पत्त्यांत. पत्त्याला भोकं पाडलेली असतात, ज्या भोकातून जी तार उचलली जाते तसा मोर उठतो. आपली चादर तशीच निघते. पत्ते कापणारा वेगळा, विणणारा वेगळा, आणि विणणाऱ्याला चादर उलटी दिसते का सुलटी ते मागावर आणि बांधणीवर. मग तुझ्या गोष्टीत पत्ते कुणी कापले ते लिही. पोरीनं कापले का धोट्यासोबत तयार मिळाले?

आणि धोटा उडतो हेही लिही. पेटीत नीट गेला नाही की सुटतो आणि समोर जो उभा असेल त्याला लागतो. माझ्यासमोर एकाचा डोळा गेला. ज्यानं माग चालवला त्याला बहुतेक लागत नाही, समोरच्याला लागतो.

नेमकं_बोला
रविवार, रात्री १०:०२

जॉबरकाका, दंडवत. पत्त्यांच्या प्रश्नानं माझा आक्षेप निकालात काढलात. इच्छा धोट्यात नाही, पत्त्यांत आहे, आणि पत्ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

पुस्तकपेटी
रविवार, रात्री ११:३०

उशिरा येतेय, पण आडवाउभा यांच्या संध्याकाळच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे असं वाटतं, म्हणून झोप बाजूला ठेवून लिहितेय.

अंगठीच्या गोष्टीत सगळे शेवटचा ज्वालामुखी बघतात, जिथं ती नष्ट करायची असते. मी सुरुवात बघते. अंगठी आधी ज्याच्याकडे होती तो गॉलम तिला काय म्हणतो? वाढदिवसाची भेट. खरं काय, तर त्याच्या मित्राला ती नदीच्या तळाशी सापडली, गॉलमनं मागितली, माझा वाढदिवस आहे म्हणाला, त्यानं दिली नाही म्हणून गळा दाबून मारलं. पुढं जवळपास पाचशे वर्षं तो ती भेटच होती असं स्वतःला सांगत बसला. आता गॉलमनंतर ती ज्याला मिळाली तो बिल्बो बघा. चांगला माणूस, कुणाला मारलं नाही, उलट मारायची संधी असताना दयेनं सोडून दिलं. त्याला अंगठी अंधारात हाताला लागली. पण बाहेर येऊन तो सोबत्यांना काय सांगतो? कोड्यांचा खेळ जिंकलो, बक्षीस म्हणून ठरलेली होती. एक खुनी आणि एक सज्जन, दोघांनी एकमेकांना न विचारता एकच थाप मारली, की मला ही रीतसर मिळाली. गँडाल्फला पहिल्यांदा शंका येते ती बिल्बोच्या अदृश्य होण्यामुळे नाही, त्याच्या या थापेमुळे.

यामागं एक खरी घडलेली गोष्ट आहे जी मला फार आवडते. बिल्बोची गोष्ट सांगणारं द हॉबिट १९३७ मध्ये आलं तेव्हा त्यात गॉलम खरोखरच अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार होता. तेव्हा ती साधी जादूची अंगठी होती. पुढचं मोठं पुस्तक लिहिताना टॉल्किनला कळलं की अशी अंगठी कुणी राजीखुशीनं देणं शक्यच नाही. १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदललं, आणि जुन्या आवृत्तीतली हकिगत खोडून टाकण्याऐवजी ती बिल्बोनं सांगितलेली थाप होती असं केलं. म्हणजे लेखकाची जुनी गोष्ट हीच पात्राची खोटी पावती झाली.

आडवाउभा, तुमच्या पोरीला धोटा बंद गिरणीत सापडला. गिरणी कुणाची तरी होती, धोटा कुणाच्या तरी हातातला होता. घरी आल्यावर कुणीतरी विचारणारच, कुठून आणलास. तिनं अजून एक फेरीसुद्धा विणलेली नाही. तेव्हा ती काय सांगते? तिथं वाचकाच्या पोटात खड्डा पडेल. मोह वापरायच्या वेळी येतो असं आपण धरून चालतो. तो आधीच येऊन पावती फाडून बसलेला असतो.

चंद्रभागेकाठी
सोमवार, सकाळी ६:४५

पुस्तकपेटी, रात्रभर हे डोक्यात घेऊन झोपले असते, बरं झालं सकाळी वाचलं.

पावती म्हणालात आणि मला मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवले. मोठ्या दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली. कोठारं त्यांची नव्हती, किल्ल्या फक्त त्यांच्याकडे. माणसं मरत होती, त्यांनी दारं उघडली. पण ते कधीही असं म्हणाले नाहीत की धान्य माझं होतं किंवा मला तसा हक्क होता. पकडून न्यायला माणसं आली तर निघाले. पुढं विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याची रक्कम ओतली आणि बादशहाकडून पावती घेतली.

राजाईच्या बाजूनं लिहा म्हणाले ते यासाठीच. गरजेपोटी दुसऱ्याची वस्तू वापरणं वेगळं आणि ती माझीच होती म्हणणं वेगळं. राजाईनंही परीस माझा आहे असं कुठं म्हटलंय? नामदेवांनी विचारल्यावर खरं ते सांगितलं. मला आज पहिल्यांदा कळतंय की मला तिचा राग का येत नव्हता.

नेमकं_बोला
सोमवार, सकाळी ८:२०

भर घालतो. स्यमंतक मणी रोज आठ भार सोनं द्यायचा. भागवतात कृष्ण सत्राजिताला सुचवतो की मणी उग्रसेन राजाकडे दे, तो देत नाही. मग त्याचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला जातो, सिंह त्याला मारतो, सिंहाला जांबवान मारतो, आणि इकडे सत्राजित सांगत सुटतो की कृष्णानंच मण्यासाठी माझ्या भावाला मारलं. म्हणजे वस्तू हातातून गेल्यावरसुद्धा ती कुणाकडे असेल याची खोटी गोष्ट तयार होते. सोनं देण्यापेक्षा ही गोष्ट पैदा करणं हीच त्या मण्याची मोठी ताकद म्हणायला पाहिजे.

रात्रीचा_वाचक
सोमवार, सकाळी ८:४१

पावतीला +१. आणि फ्रोडोचं बघा, तो शेवटी ज्वालामुखीच्या तोंडावर उभा राहून अंगठी टाकत नाही, म्हणतो ती माझी आहे. इतकं चालून, बोटभर मांस राहिलं नसताना, शेवटचं वाक्य तेच निघतं जे गॉलमचं पहिलं होतं. फरक एवढाच की फ्रोडोनं ते हजार पानं थोपवून धरलं होतं. लोक त्याला हरला म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, मी तर म्हणेन कुणाच्यानं इतकं थोपवणं झालं नसतं.

आडवाउभा
मंगळवार, रात्री १२:५०

दोन रात्री जागून पहिलं प्रकरण नव्यानं लिहिलं. पूर्ण टाकत नाही, तेवढा तुकडा टाकतो ज्यासाठी धागा काढला होता.

"ती मागच्या दारानं आत आली तेव्हा आई सूप मांडीवर घेऊन झोपलेली होती, विड्यांच्या अर्ध्या जुड्या बांधायच्या तशाच. माग बंद होता. धाकटी जागी होती. ओढणीत काय आहे, तिनं विचारलं. काही नाही. दाखव. तिनं ओढणी सोडली. धोटा कंदिलाच्या उजेडात पिवळा दिसला. त्याखाली दोरीनं बांधलेली पत्त्यांची माळ, भोकं पाडलेली, कुणी पाडली कोण जाणे. कुठनं आणलीस, धाकटी म्हणाली. आज्जीचा आहे, ती म्हणाली, आज्जीनं मला दिला होता, तू लहान होतीस. बोलून झाल्यावर तिला वाटलं की हे खरंच असणार. आज्जी जन्मात मागावर बसली नव्हती. विड्याच वळल्या तिनं, मरेपर्यंत. हे धाकटीलाही माहीत होतं. ती काही बोलली नाही. पांघरुणात शिरली आणि भिंतीकडे तोंड केलं."

यानंतर ती पहिल्यांदा विणते ते नळाचं पाणी. फक्त घरापुरतं. आई रात्री दोनला उठत नाही, सकाळपर्यंत झोपते, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. हे मी खूप आनंदानं लिहिलंय, मला त्यात आईला सुखात बघायचं होतं. पूर दुसऱ्या भागात येईल. कांडी संपत नाही म्हणून ती मागावरून उठत नाही ते जॉबरकाकांचं जसंच्या तसं घेतलंय, धाकटी डबा घेऊन येते आणि उभी राहून राहून परत जाते.

पुस्तकपेटी
मंगळवार, सकाळी ७:३०

"बोलून झाल्यावर तिला वाटलं की हे खरंच असणार." हे वाक्य काहीही झालं तरी काढू नका.

चंद्रभागेकाठी
मंगळवार, सकाळी ८:०५

आई झोपते तिथं मी रडले. नदीची परवानगी काय मागता, ती सगळ्यांचीच. पुराचं प्रकरण लिहाल तेव्हा एकदा इकडे या, पाणी ओसरल्यावर घरात गाळ कुठपर्यंत बसतो ते भिंतीवर दाखवते.

जुना_जॉबर
मंगळवार, रात्री ९:१५

वाचलो बाळा. नातवाकडनं दोनदा वाचून घेतलो. एकच दुरुस्ती सांगतो. वापरलेल्या धोट्याचं लाकूड हाताच्या घामानं आणि तेलानं काळं पडतं, टोकं झिजतात. तू पिवळा लिहिलास. म्हणजे कुणाचाच हात लागलेला नाही. धाकटी मागवाल्याच्या घरातली पोरगी आहे, तिला ते बघितल्याबरोबर कळणार. आज्जीचं खोटं तिला आज्जीमुळे नाही, लाकडावरनं कळू दे. तिला धोटा एकदा हातात घ्यायला लाव आणि अंगठा फिरवू दे त्याच्यावरनं.

आडवाउभा
मंगळवार, रात्री ९:२२

काका, आत्ताच वही उघडली. उद्या तुमच्याकडे येऊ का, एक जुना धोटा हातात धरून बघायचाय.

जुना_जॉबर
मंगळवार, रात्री ९:४०

सकाळी ये. माळ्यावर तीन आहेत, काढून ठेवतो.